बनी तो बनी

जिंतुरात निवृत्त माणसाला तीनच कामं शोभतात. सकाळी येलदरी रस्त्यानं फिरून यायचं, दुपारी दुसऱ्याच्या प्लॉटचा सातबारा वाचून त्यात खोट काढायची आणि संध्याकाळी टपरीवर चहा घेत राज्याचं मंत्रिमंडळ बदलायचं. ही तिन्ही कामं माणूस शेवटच्या श्वासापर्यंत करत राहिला तरी 'हे कशासाठी?' असं त्याला कुणी विचारत नाही. पण याच माणसानं एखाद्या दिवशी सुई हातात घेतली, आणि तीही शर्टाचं बटण लावायला नव्हे, की बसस्टँडपासून नेमगिरीच्या पायथ्यापर्यंत बातमी पोचते, "सरांचं काहीतरी बिनसलं."

मी गणिताचा मास्तर. वेळापत्रकात कार्यानुभवाचा तास असायचा, तोही मी नोकरीभर गणितालाच वापरला. कागदाची फुलं आणि आगपेट्यांची घरं करून आजवर कुणाचं भलं झालंय, असं माझं रोखठोक मत होतं. या मताचे बळी आज गावभर पसरलेत. कुणी मेडिकल चालवतो, कुणी खताचं दुकान, कुणी वकिली करतो. मी रस्त्यानं निघालो की हे सगळे आदरानं उठून उभे राहतात आणि मी पुढं गेलो की हसतात. आदर आणि हसू यांत पूर्वी बरंच अंतर असायचं. लोकरीनं ते कमी केलं.

त्याचं असं झालं. मुलगी पुण्याला असते. फोनवर माझा आवाज ऐकून ती माझं बीपी ओळखते.

"बाबा, बातम्या बघणं बंद करा. हाताला काहीतरी काम द्या."

"हातात रिमोट आहे की."

तिनं वाद घातला नाही. वाढदिवसाला एक खोकं पाठवलं. त्यात स्पंजचा जाड ठोकळा होता, चिमूट-चिमूटभर रंगीत लोकर होती, लाकडी मुठीची सुई होती आणि सूचनांचा कागद होता. पहिली सूचना, 'आरामशीर बसा, खोल श्वास घ्या.' दुसरी सूचना, 'बोटं सांभाळा.' पहिल्या दोन ओळींतच ज्याची इतकी घसरण होते त्या छंदात मनःशांती कितव्या ओळीला येते, ते बघायला मी पुढं वाचलंच नाही.

सोबत एका परदेशी बाईंचा व्हिडिओ होता. बाईंनी लोकरीचा आकाशी तुकडा ठेवला, त्यावर हिरवी टेकडी ठेवली, खच्‌खच्‌ टोचलं, दोऱ्यानं चार फुलं काढली आणि टेकडीवर एक पांढरी मेंढी चरायला सोडली. एवढं सगळं होईपर्यंत त्यांच्या कपातल्या चहाची वाफ गेली नव्हती. बायको मागं उभी राहून बघत होती.

"तुम्हाला जमेल," ती म्हणाली. "टोचून बोलायची सवय आहेच."

या कलेला नीडल फेल्टिंग म्हणतात. लोकरीच्या तंतूवर नुसत्या डोळ्यांना न दिसणारे खवले असतात. तंतू एकमेकांत गुंतले की ते अडकतात आणि सुटता सुटत नाहीत. हे गुंतवणं एक तर गरम पाणी, साबण आणि रगडणं यानं होतं, नाहीतर कोरडं, सुईनं. ही सुई म्हणजे शिवणाच्या सुईची सावत्र बहीण. तिला नेढं नाही, त्यामुळं दोरा ओवायची सोय नाही. टोकाकडचा भाग तिधारी आणि त्या धारांवर खाली तोंड केलेल्या बारीक खाचा. आत जाताना खाचा वरचे तंतू धरून खाली ओढतात, बाहेर येताना मोकळ्या येतात. असं हजारदा टोचलं की पोकळ लोकर दबत-दबत घट्ट नमदा होतो. सुईला नंबर असतात. ३६ नंबरची जाड, ३८ची मधली, ४०ची बारीक. आकडा वाढला की सुई बारीक! गणिताच्या मास्तराला इथंच पहिला टोचा बसला.

मुळात या सुया माणसाच्या हातासाठी नव्हत्याच. अशा हजारो सुया बसवलेली यंत्रं कारखान्यात विणकामाशिवाय जाड कापड तयार करतात. १९८०च्या दशकात अमेरिकेत कुणाला तरी त्यातली एक सुई सुटी काढून हातानं टोचून बघायची बुद्धी झाली आणि त्या बुद्धीची फळं मी जिंतुरात भोगत होतो. अशा सुया बनवणारी एक नामांकित कंपनी जर्मनीतली, १८५२ सालची, हे कळल्यावर मात्र ऊर भरून आला. 'जगात जर्मनी, भारतात परभणी' हे आम्ही पाळण्यापासून ऐकतो, पण या दोघांना जोडणारा दुवा काही सापडत नव्हता. तो आता माझ्या अंगठ्यात घुसला होता.

कला मूळची थंड मुलखातली. सायबेरियाकडच्या अल्ताई डोंगरात, पाझिरिकच्या थडग्यांमध्ये, दोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वीचं नमद्याचं काम बर्फानं जपून ठेवलं. त्यातला नमद्याचा हंस आज सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयात आहे. मी श्रीगणेशा केला तो मे महिन्यात, परभणी जिल्ह्यात. पंखा लावला की लोकर उडायची, बंद केला की माझेच प्राण उडायच्या बेतात यायचे. शेवटी पंखा एकवर ठेवायची तडजोड झाली, पण ती लोकरीनं मानली नाही. एकदा वरणात निळं आकाश निघालं. बायकोनं ते चमच्यानं उचलून ताटाच्या कडेला ठेवलं आणि शांतपणे म्हणाली, "तुमचं क्षितिज." वीज गेली की मला हायसं वाटायला लागलं. लोडशेडिंगची वाट बघणारा मराठवाड्यातला पहिला माणूस म्हणून माझी नोंद व्हायला हरकत नाही.

सुईचा आवाज बारीक असतो, पण जिंतुरात शेजाऱ्याला ऐकू येऊ नये इतका बारीक आवाज अजून निघायचाय.

"सर, काय करायलात?"

"लोकरीचं चित्र."

"कामून?"

या एका शब्दापुढं माणसाचं सगळं तत्त्वज्ञान आडवं होतं. मी म्हणालो, "शांती मिळते."

"मग चेहरा कामून असा?"

मेडिकलवाला माझाच विद्यार्थी. त्यानं काही दिवस गप्प राहून बॅन्डेजच्या पट्ट्या दिल्या. मग एकदा गिऱ्हाईक नाही असं बघून खालच्या आवाजात विचारलं, "सर, घरी सगळं ठीकाय ना? रोजच पट्ट्या न्यायलात."

"अरे, चित्र काढतो."

"आम्ही चित्र काढलं की तुम्ही कान पिळायचात."

"तू वहीच्या मागच्या पानावर माझंच काढलं होतंस."

"पण ओळखू आलं होतं ना, सर?"

याला उत्तर नव्हतं. सोळा रुपयांच्या हिशेबात त्यानं दोन रुपये सोडले. वर्गात मी त्याला दोन गुण कधी सोडले नव्हते.

एका वकिलानं मुद्द्यालाच हात घातला. "सर, हे बायकांचं काम ना?" मी विचारलं, तुझा काळा कोट कुणी शिवला? आपल्याकडचे गाद्या पिंजणारे पिंजारी कोण? मेंढरं कातरणारे कोण? काश्मीरच्या नमद्यावर आरीनं साखळी टाका भरणारे गडी म्हणजे काय बायका आहेत? त्यानं साक्षीदाराची उलटतपासणी घ्यावी तसं माझ्याकडं बघितलं. "त्यांचं पोट असतंय त्याच्यावर. तुमची पेन्शन चालूय की." म्हणजे मजुरी मिळाली तर सुई पुरुषाची, नाही मिळाली तर बाईची. एवढा स्वच्छ निकाल त्याला कोर्टात कधी मिळाला नसेल.

तेवढ्यात खोक्यातली लोकर संपली. पाकिटावर 'ऑस्ट्रेलियन मेरिनो' असं लिहिलेलं होतं. तीच मागवायला मोबाइल उघडला आणि भाव वाचला. ज्या बीपीसाठी हा खटाटोप चालला होता ते तिथल्या तिथं उसळलं.

"ऑस्ट्रेलियाहून कामून?" बायको म्हणाली. "आपल्याकडं मेंढरं काय कमी आहेत?"

मी तिला समजावून सांगितलं. मेरिनोचा तंतू कसा वीसेक मायक्रॉनचा, रेशमाला लाजवणारा. आपली दख्खनी मेंढी काळी-करडी, तिची लोकर जाडीभरडी, राठ.

"माणसंही राठच आहेत की इथली," ती म्हणाली. "त्यांच्यावर भागवतेच ना मी?"

गेलो. गावाबाहेर एका शेतात मेंढरं बसवली होती. रान मोकळं असलं की शेतकरी खतासाठी कळप रात्री शेतात बसवून घेतो आणि धनगराला त्याचे पैसे किंवा धान्य देतो. पावसाळ्याआधीची कातरणी नुकतीच उरकली होती. भादरलेल्या मेंढ्या, बारशाच्या दिवशीच जावळ काढल्यासारख्या गोंधळून उभ्या होत्या. बांधाकडेला लोकरीचा ढीग पडला होता.

"दादा, थोडी लोकर मिळंल का? काय भावानं देता?"

म्हाताऱ्यानं मला खालून वर बघितलं. "भाव? कातरायला आम्हालाच पैसे मोजावं लागतेत. घोंगडं कोण घेतंय आता? समद्यांना गुळगुळीत ब्लँकेट पायजे. न्या की पोतंभर."

मूठभर मागायला गेलेला मी पोतं घेऊन निघालो. तिकडं चिमटीभर लोकरीसाठी कार्डाचा नंबर टाकायची तयारी होती आणि इकडं पोतं फुकट पदरात पडलं होतं. फुकट पडल्यामुळं अर्थातच त्या लोकरीवरचा माझा विश्वास उडाला. गावातल्या कुत्र्यांचा मात्र बसला. स्कूटरमागं ती थेट घरापर्यंत सोडायला आली.

घरी पोतं उघडल्यावर कळलं की लोकर निम्मीच आहे. बाकी गोखरू, कुसळं, लेंड्या आणि मागच्या हंगामातलं अर्धं शिवार. नळाला पाणी आलेला दिवस साधून मी बादलीत कढत पाणी ओतलं, कपड्याची पावडर टाकली आणि धुण्याचं धोपाटणं घेऊन, आळशी वर्गाला शिकवावं तशा तळमळीनं, तासभर घोटलं. बादली उपडी केली तेव्हा बादलीच्याच आकाराचा काळा कुळकुळीत गोळा दणकन बाहेर पडला. तो ना पिंजता येईना, ना फाडता येईना, ना उचलता येईना.

गरम पाणी, साबण आणि रगडणं. ओल्या नमद्याची कृती याहून वेगळी काय असते? पूर्वी धनगरी मुलखात लोकर अंथरून, तिच्यावर पाणी शिंपून, गुंडाळी करून ती पायानं तुडवत आणि विणल्याशिवायच बुरणूस तयार होई. पिढ्यान्‌पिढ्यांचं ते कसब मला एका सकाळी न्हाणीघरात साधलं होतं. फरक एवढाच, की बुरणूस अंगावर घेता येतो आणि हा गोळा अंगावर घेतला असता तर बरगडी मोडली असती. शेजारचं पोरगं बघत होतं. मी उसन्या अभिमानानं म्हणालो, "बाळा, याला बुरणूस म्हणतात."

"बर्नॉल आमच्या घरी हाय, आणू?"

बायकोनं गोळा वाळवून दाराला लावला. वाऱ्यानं आदळणारं आमचं मागचं दार त्या दिवसापासून गप्प आहे. माझ्या हातून घडलेली पहिली उपयोगी वस्तू म्हणून तो गोळा ती आल्यागेल्याला दाखवते.

उरलेली लोकर गार पाण्यात नुसती भिजत ठेवली, ढवळली नाही, गच्चीवर वाळत घातली. वाळता-वाळता चिमण्यांनी त्यातली बरीचशी घरट्यासाठी नेली. मेरिनो आहे का, असं त्यांनी विचारलं नाही. पिंजायला दातेरी ब्रश लागतो. तो माझ्याकडं नव्हता, बायकोची लाकडी फणी होती. नंतर तीही नव्हती.

आता चित्र कशाचं काढायचं? मेंढी नि टेकडी मला काढायची नव्हती. तालुक्याचं भूषण म्हणजे येलदरी. पूर्णा नदीवरचं भक्कम धरण, दहा दरवाजे, पायथ्याला वीजघर. भरपावसात दरवाजे उघडले की माणसं डबे बांधून बघायला जातात. ठरलं, येलदरी. मागं नेमगिरीचा डोंगरही घ्यायचा. शाळेतले भूगोलाचे जुने सहकारी म्हणाले, "अहो, नेमगिरी जिंतूरला चिकटून. येलदरीत ती कशी दिसेल?" मी म्हणालो, कलेत अंतर धरत नाहीत. ते म्हणाले, एस.टी.त धरतात.

खोक्यातला स्पंज टोचून-टोचून भुगा झाला होता, म्हणून सोफ्याची उशी घेतली. खाली काळे ढग, मधे करडा डोंगर, पुढं पांढरी भिंत, असे थर लावले आणि सुई चालवली. सुई सरळ आत जावी, सरळच बाहेर यावी, आत असताना वाकवली तर तुटते. शिवाय सुई लोकरीत शिरताना बारीक खरखर जाणवते, कोवळ्या काकडीवर नख ओढल्यासारखी. ती खरखर थांबली की समजायचं, तंतू बसले. मला खरखर जाणवली, ती थांबलीही, आणि मी आनंदानं चित्र उचलायला गेलो तर सोबत उशी आली. काम अधूनमधून पायावरून सोडवत राहावं, ही सूचना कागदावर सातवी होती. माझं वाचन दुसरीवर थांबलेलं. सुईनं येलदरीचं धरण सोफ्याच्या पोटापर्यंत पोचवलं होतं. एका बाजूनं मी आणि दुसऱ्या बाजूनं बायको, असं दोघांनी मिळून ते ओढलं. धरण सुटलं, पण पाठीवर स्पंजचा थर घेऊन. आमच्या जिल्ह्याची दुसरी म्हण, 'बनी तो बनी, नहीं तो परभणी', सोफ्याच्या त्या भोकाकडं बघून बायकोनं पूर्ण म्हटली.

आता लोकांना दाखवायची पाळी आली. खताच्या दुकानवाल्या विद्यार्थ्यानं काचेच्या टेबलावर चित्र ठेवून नीट निरखलं. "पिवळा मोझॅक आहे, सर. सोयाबीन कुठलं?" दातांचे डॉक्टर म्हणाले, "मधले दोन काढावे लागतील." शेजारीण म्हणाली, "म्हैस मात्र हुबेहूब हं." नातवानं फोनवरून विचारलं, "आबा, झेब्रा झोपलाय का?" ज्याच्या डोक्यात जे शिजत असेल ते त्याला माझ्या धरणात दिसत होतं. फक्त एका निवृत्त पाटबंधारेवाल्यांनी ते धरण आहे हे ओळखलं, आणि तेच सगळ्यात महागात पडलं. त्यांनी बोट ठेवून दरवाजे मोजले.

"नऊच आहेत. दहावा कुठाय?"

"उघडलाय, म्हणून दिसत नाही."

"उघडला तर पाणी दिसलं पायजे. पाणी कुठाय?"

"यंदा पाऊस कमी."

इथं त्यांनी गंभीरपणे मान डोलावली. मराठवाड्यात हे उत्तर कुठल्याही प्रश्नाला चालतं.

पण पाणी हवंच होतं. म्हणून शेवटी भरतकाम. पांढऱ्या दोऱ्याच्या धावदोऱ्यानं दरवाजांतून धारा सोडायच्या, कडेला देठ टाक्यानं गवत, ज्वारीच्या कणसांना गाठी टाका. गाठी टाका म्हणजे सुईला दोऱ्याचे दोन वेढे द्यायचे आणि सुई जवळच खाली घालून दोरा हलकेच ओढायचा. वर मोत्याएवढी गाठ राहते. माझी एक तर अजिबात राहायची नाही, नाहीतर मागच्या बाजूला कायमची वस्तीला जायची. दिवाळीच्या आसपास तांड्यावरची एक बंजारा बाई दारावर सीताफळं विकायला येते. टोपली उतरवून तिनं चित्र हातात घेतलं.

"सर, उलटं करून दाखवा."

"उलटं कशाला? सुलटं बघा."

"सुलटं कुणीबी करतंय."

तिनं स्वतःच चित्र उलटं केलं. मागं स्पंजचे तुकडे, सुटे दोरे, गाठींचं जंगल आणि अंगठ्याच्या रक्ताचा एक डाग. फेटिया-कांचळीवर आरसे आणि कवड्या भरणाऱ्या हातांपुढं मी उघडा पडलो. "आमच्या याडीनं हे बघितलं असतं," ती म्हणाली, "तर सगळं उसवायाला लावलं असतं." मग उंबऱ्यावरच बसून, माझ्याच सुईनं, तिनं धारांची एक ओळ भरली. सरळ, सारखी, मागून-पुढून एकच. चित्रात बघण्यासारखं जे आहे ते तेवढंच. सीताफळांच्या भावात मात्र तिनं गुरुदक्षिणा म्हणूनसुद्धा रुपया कमी केला नाही.

नोव्हेंबर उजाडला. पेन्शनरला या महिन्यात आपण जिवंत आहोत हे सरकारला कळवावं लागतं. २०१४ पासून 'जीवन प्रमाण'मुळं हे काम बोटाच्या ठशावर होतं. मी रांगेतून काउंटरवर गेलो आणि यंत्रावर अंगठा ठेवला.

"घेईना, काका. दुसरा ठेवा."

दुसराही घेईना. तर्जनी घेईना. मधलं बोट बघून पोरगं म्हणालं, "काका, रेषाच नाहीत. बांधकामावर जाता का?"

मागची रांग मदतीला धावली. कुणी म्हणालं तेल लावा, कुणी म्हणालं पँटला घासा, कुणी लिंबू आणायला निघालं. एक आजोबा कळवळून म्हणाले, "मागच्या साली आमच्या साडभावाचं असंच झालं होतं. पुढच्या साली दाखल्याची गरजच नाही पडली."

"नेमकं काम काय करता, काका?"

"लोकरीचं चित्र काढतो."

अख्खी रांग शांत झाली. ज्या मनःशांतीसाठी मी हा उद्योग मांडला होता ती अखेर आली, पण दुसऱ्यांना. पोरानं मग डोळ्यांच्या यंत्राची सोय केली आणि डोळ्यांवर माझं जिवंतपण निभावलं. सूचनांच्या कागदावर 'डोळे सांभाळा' अशीही ओळ असेल तर मी ती न वाचताच पाळली होती.

चित्र पूर्ण झालं तशी बायकोनं फर्मान काढलं. लोकरीला कसर लागते, ती कसर कपाटातल्या शालूपर्यंत जाते, सबब हे चित्र डांबरगोळ्यांसकट घराबाहेर गेलं पाहिजे. छत्रपती संभाजीनगरला तिच्या बहिणीची वास्तुशांत होती. मी चित्र फ्रेमला नेलं. फ्रेमवाल्यानं ते हातात फिरवत विचारलं, "सर, वरची बाजू कुठली?" मी सांगितली. त्यानं पुन्हा एकदा विचारून खात्री करून घेतली. पण काच बसली आणि चमत्कार झाला. काचेआड गेली की कुठल्याही गोष्टीला अब्रू येते. काळी राठ लोकर खानदानी दिसायला लागली. बायकोनं चमचमता कागद लावला, वर रिबिनीचं फूल डकवलं, आणि आहेर तिनंच बहिणीच्या हातात दिला.

महिन्याभरानं त्यांच्याकडं पुन्हा जाणं झालं. दिवाणखान्यात, बरोबर सोफ्यावर, वर खास दिवा लावून चित्र टांगलेलं. आणखी चार पाहुणे बसले होते. आमचे साडू हात मागं बांधून, संग्रहालयातल्या माणसासारखे उभे होते.

"काश्मीरचं आहे," ते म्हणाले. "अस्सल नमदा वर्क. हे दल सरोवर. मागं हिमालय. आणि हे ओळीनं लावलेले शिकारे. नऊ आहेत, मोजा."

पाहुण्यांनी मोजले. नऊच होते. येलदरीत जो आकडा कमी पडला तो श्रीनगरात बरोबर भरला.

"काय बारीक काम आहे हो!" एक बाई म्हणाल्या. "आपल्याकडं कुणाला एवढा दम निघतोय?"

"आपल्याकडं?" साडू हसले. "आपल्याकडं तशी लोकर तरी मिळते का?"

मी बायकोकडं बघितलं. ती छताच्या पंख्याचं बारकाईनं निरीक्षण करत होती. चहाच्या निमित्तानं स्वयंपाकघरात गाठून विचारलं, तर कुजबुजली, "तुम्ही केलंय म्हटलं असतं तर माळ्यावर गेलं असतं. काश्मीर म्हटलं म्हणून भिंतीवर आहे. आता काय ते ठरवा."

बाहेर आलो. साडूंनी तोवर किंमत सांगितली होती. ती ऐकून माझ्या मनात क्षणभर त्या धनगराचा म्हातारा चेहरा आला, पण एका पाहुण्यानं मलाच गाठलं.

"सर, तुम्ही जाणकार दिसता. तुमचं काय मत?"

मी चष्मा लावला. भिंतीजवळ जाऊन चित्र नीट बघितलं, काचेवर नाक टेकेपर्यंत. तांड्यावरच्या बाईनं भरलेली धार तेवढी खरंच देखणी होती.

"काम अस्सल आहे," मी म्हणालो. "लोकर मात्र ऑस्ट्रेलियाची वाटते."

साडूंचा चेहरा उजळला. "म्हणजे काय! ते लोक मुद्दाम तिथूनच मागवतात." आणि त्यांनी तिथल्या तिथं किमतीत दोन हजार वाढवले.